खेळणी आवरायला शिकवायचं तर आधी घर लावा

"ताई, तुमच्याकडं सगळं जागेवर ठेवतो, मग घरी काय होतं त्याला?" बालवाडीच्या दारात चपला घालता घालता कुणी ना कुणी मला हे विचारतंच. उत्तर पायाखालीच असतं. आमच्या दारातल्या फरशीवर छोट्या पावलांच्या जोड्या रंगवल्या आहेत. पोर चप्पल काढतं आणि पावलांवर ठेवतं. घरी त्याच पोराची एक चप्पल सोफ्याखाली असते, दुसरी जिन्यात. पोर तेच आहे, पण घरात चपलेला जागा ठरलेली नाही.

खेळण्यांचंही असंच होतं. बहुतेक घरांत सुरुवात उलट्या टोकाकडून होते. आधी हुकूम सुटतो, मग आवाज चढतो, मग चॉकलेट दाखवलं जातं, आणि शेवटी सगळं कोंबायला एक मोठा ड्रम विकत आणला जातो. खाली दिलेले टप्पे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. त्यांचा क्रम मोडू नका. पहिले दोन टप्पे मोठ्या माणसांचे आहेत आणि लोक नेमके तेच गाळतात.

सुरू करण्याआधी: अपेक्षा किती ठेवायची

3 वर्षांचं मूल तुमच्यासोबत चार-पाच वस्तू ठेवतं आणि सहावी हातात आली की तिच्याशीच खेळायला बसतं. 4 वर्षांचं मूल एका प्रकारची खेळणी एकट्यानं ठेवू शकतं, पण तुम्ही त्याच खोलीत असलात तर. 5 पूर्ण झालेलं मूल आपला कोपरा बऱ्यापैकी आवरतं. आठवण मात्र रोज करून द्यावी लागते, आणि ती पुढे पहिली-दुसरीतही लागते. तेव्हा "शंभरदा सांगून झालं" हे वाक्य गिळून टाका.

टप्पा 1: सगळं बाहेर काढा आणि कमी करा

रविवारची दुपार धरा. फरशीवर एक वाकळ पसरा आणि घरातलं एकूण एक खेळणं तिच्यावर ओता. कॉटखालचं, टीव्हीमागचं, गाडीच्या डिकीतलं, सगळं. दोन खोल्यांच्या घरातही ढीग बघून डोकं गरगरतं. जोतिबाच्या यात्रेतली पिपाणी, टेंबलाईच्या जत्रेतला ट्रक, वाढदिवसाला आलेले तीन एकसारखे किचन सेट, आणि मामानं आणलेली रिमोटची गाडी, जिचा रिमोट कधीच गेला.

आता चार ढीग करा.

1. मोडलेलं, ज्याचे निम्मे भाग हरवलेत ते.
2. वयाला लहान पडलेलं, किंवा अजून वर्षभर समजणार नाही असं.
3. चांगलं आहे, पण महिनाभर कुणी हात लावलेला नाही असं.
4. रोजच्या खेळातलं.

दुसऱ्या ढिगातलं लहान पडलेलं कुणा नात्यातल्या बाळाला द्या. पुढे लागणारं तिसऱ्या ढिगासोबत खोक्यात भरून माळ्यावर टाका. चौथ्या ढिगातलं मुलासमोर राहील, पण त्यातलेही एका वेळी सहा ते आठच प्रकार. सगळे ठोकळे मिळून एक प्रकार, सगळी भातुकली मिळून एक, सगळ्या गाड्या मिळून एक. दोन-तीन आठवड्यांनी माळ्यावरचं एक खाली आणा आणि खालचं एक वर पाठवा. एकदम सगळं बदललंत तर जागा पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागतील.

पोरांना आवरता येत नाही असं सांगणाऱ्या घरी मी जाते, तेव्हा फरशीवर खरी गोष्ट दिसते. तिथं दीडशे वस्तू पडलेल्या असतात. तेवढ्या तर मलाही आवरवणार नाहीत.

मोडकं टाकून द्या, पण मुलाचं लाडकं मोडकं खेळणं ते झोपलेलं असताना गुपचूप टाकू नका. तिसऱ्या दिवशी त्याला त्याची आठवण येतेच. मग ते उरलेल्या वस्तू तुमच्यापासून लपवायला लागतं. तीन चाकांच्या ट्रकवर जीव असेल तर तो ट्रक तसाच राहू दे.

*सावध:* हे करताना प्रत्येक गाणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्याच्या पाठीमागचं झाकण बघा. ते स्क्रूनं घट्ट बंद हवं. आतला गोल बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका आणि घरगुती उपायांत वेळ घालवू नका. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की जवळचं दुसरं मोठं रुग्णालय, तडक न्या. छोटे ताकदवान चुंबक असलेली खेळणी तर घरातच नकोत. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मधे पकडून एकमेकांना चिकटतात.

घरात 3 वर्षांखालचं भावंड असेल तर आणखी एक तपासणी करा. सव्वा इंच रुंद नळीच्या तुकड्यातून जे आरपार जातं, ते त्याच्या घशातही अडकू शकतं. असं सगळं त्याचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवा. नवीन खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून ते आपल्याकडं बंधनकारक आहे. यात्रेतल्या पालावर ते शोधत बसलात तर हात हलवत परत याल. तिथं घेतलंच तर निदान धार, बाहेर आलेली तार आणि बोटाला लागणारा रंग एवढं तरी तपासा.

टप्पा 2: प्रत्येक प्रकाराला एक जागा

मोठा ड्रम, गोणपाटाची पिशवी आणि खोल पेटी, हे तिन्ही या कामाचे शत्रू आहेत. त्यात टाकणं सोपं असतं, म्हणून ते मोठ्यांना आवडतात. पण मुलाला तळातली बैलगाडी हवी असली की ते अख्खा ड्रम पालथा घालतं. म्हणजे आवरणं हीच पुढच्या पसाऱ्याची तयारी होऊन बसते.

त्यापेक्षा उथळ बुट्ट्या घ्या. वीतभर उंच, रुंद तोंडाच्या आणि रिकाम्या असताना मुलाला एका हातात उचलता येतील अशा. वेताच्या असतील तर आतून हात फिरवून कूस लागते का बघा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात प्लॅस्टिकच्या स्वस्तात मिळतात. किराणा दुकानातलं खोकं अर्ध्यावर कापलं तरी चालतं. आंब्याची लाकडी पेटी वापरायची असेल तर आधी खिळे काढा. झाकण कशालाच नको. स्टीलच्या डब्याचं झाकण मुलाला निघत नाही आणि जड पेटीचं झाकण बोटांवर पडतं.

बुट्ट्या ठेवायचं फडताळ मुलाच्या खांद्यापेक्षा उंच नको. ते भिंतीला पट्टीनं आवळून टाका, कारण वरचं काही काढायला पोर खालच्या फळीवर पाय देतंच. जड वस्तू तळाशी, हलक्या वर.

आता खुणा. प्रत्येक बुट्टीवर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा. मोबाइलवर काढलेल्या फोटोची छोटी प्रत चालेल, हातानं काढलेली वेडीवाकडी गाडीही चालेल. तीच खूण फडताळावर, बुट्टी ठेवायच्या जागीही लावा. वर पारदर्शक चिकटपट्टी मारा, नाहीतर दोन दिवसांत चित्र चघळलेलं मिळेल. "गाड्या" असं अक्षरात लिहून उपयोग नाही. वाचता न येणाऱ्या माणसासाठी पाटी लावून आपण त्याच्यावरच चिडतो. सुट्या मोठ्या वस्तूसाठी, म्हणजे ढोलकी किंवा बाहुलीची गादी, फळीवर कागद ठेवून तिची कड पेन्सिलीनं आखा. त्या आकारात ती वस्तू बसवणं हेच मुलाला कोड्यासारखं वाटतं.

कोल्हापुरात जूनपासून पुढं भिंती ओल धरतात हे धरूनच जागा लावा. फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल. भिंतीला आवळायची पट्टी तेवढी लांब घ्या. पुठ्ठ्याची खोकी पावसाळ्यात मऊ पडून तळातून सुटतात, तेव्हा ते चार महिने भोकांच्या प्लॅस्टिक बुट्ट्या बऱ्या. लाकडी ठोकळ्यांवर पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि ऊन पडेल त्या दिवशी गच्चीत टाका. कापडी बाहुल्यांचंही तेच. नदीकडच्या पेठांत तळमजल्यावर राहणाऱ्यांना, 2019 आणि 2021 चे पूर बघितल्यावर, खोकं माळ्यावर ठेवा हे वेगळं सांगायला नको.

*तपासा:* फडताळासमोर गुडघ्यांवर बसा. एक हात पाठीमागं धरा आणि दुसऱ्या हातानं प्रत्येक खेळणं जागेवर ठेवून बघा. कुठं दोन हात लागले, काही सरकवावं लागलं, झाकण उघडावं लागलं, तर ती जागा बदला. ही परीक्षा पास झाल्याशिवाय मुलाला बोलवू नका.

टप्पा 3: खेळ वाकळेवर

बारक्या तुकड्यांचा खेळ असेल तर आधी वाकळ किंवा सतरंजी पसरा आणि खेळ तिच्यावरच ठेवा. मणी, ठोकळे, भातुकलीच्या वाट्या घरभर जात नाहीत आणि शेवटी काय आवरायचं ते नजरेत मावतं. एक बुट्टी वाकळेवर आली की दुसरी आणण्याआधी पहिली परत गेली पाहिजे, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. मी ते इतकं ताणत नाही. खेळण्यातल्या म्हशींना ठोकळ्यांचा गोठा लागतोच. दोन बुट्ट्या एकत्र चालतील, तिसरी मागितली तर एक परत.

वाकळेची चार टोकं धरून सगळं एका डब्यात ओतायचा मोह होईल. पाहुणे जिन्यात आले असतील तर खुशाल करा, रोज नको.

टप्पा 4: करून दाखवा, तोंड बंद ठेवा

"आवर" हा शब्द तुमच्या डोक्यात सात कामांचा गठ्ठा आहे: बघ, निवड, उचल, कुठलं कुठं जातं ते आठव, चाल, ठेव, परत ये. 3 वर्षांच्या मुलाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. आई रागावली एवढंच कळतं. म्हणून पहिला आठवडा तो शब्दच वापरू नका. असं करा:

1. मुलाशेजारी, त्याच्या उंचीवर बसा. ओट्यापाशी उभं राहून हाक मारलेली मोजली जात नाही.
2. एकच प्रकार निवडा. "गाड्या डेपोत लावूया."
3. एक गाडी उचला, सावकाश, आणि बुट्टीत ठेवा. टाकू नका, ठेवा. तुम्ही लांबून फेकलीत तर ते फेकायचंच शिकेल.
4. दुसरी गाडी त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा.

चौथी पायरी सगळ्यात अवघड जाते. गेल्या वर्षी एका घरी साडेतीन वर्षांच्या मुलाला मी ठोकळा दिला. त्यानं तो बुट्टीवर उंच धरला आणि सोडला. खट्ट. आवाज आवडला. पुन्हा बाहेर काढला, पुन्हा सोडला. असं सहा वेळा. शेजारी बसलेल्या आईचा हात तीनदा पुढं आला, तिन्ही वेळा मी तो धरून ठेवला. सातव्यांदा त्यानं पहिला ठोकळा आत राहू दिला आणि दुसरा उचलला. पुढचे अकरा ठोकळे मिनिटभरात आत गेले. तो वेळ घालवत नव्हता, बुट्टीत पडणं म्हणजे काय ते बघत होता.

शब्द कोल्हापूरचेच वापरा, पोराला लगेच चित्र दिसतं. गाड्या केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, डेपोत लावायच्या. भातुकलीची भांडी मांडणीवर. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी बघितलेलं पोर असेल तर "म्हशी गोठ्यात बांध" म्हटल्यावर प्लॅस्टिकचे प्राणी कसे रांगेत जातात ते बघा. वाघही जातो गोठ्यात, जाऊ दे.

*नेहमीची चूक:* "हे सगळं कुणी केलं?" हा प्रश्न. त्याला उत्तर नसतं. त्याऐवजी एक वस्तू आणि एक जागा असलेलं वाक्य बोला: "चेंडू लाल बुट्टीत."

टप्पा 5: वेळ बांधून घ्या

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी रंकाळ्यावर किंवा खाली अंगणात जायच्या आधी. पुढं काहीतरी हवंहवंसं उभं असलं की काम हलतं. रात्री झोपेला आलेल्या पोराकडून आवरून घ्यायला जाऊ नका. त्या वेळी रडारड ठरलेली असते आणि खेळणी आवरणं म्हणजे रडणं अशी गाठ मनात बसते.

खेळ एकदम तोडू नका. "पाच मिनिटांत" त्याला कळत नाही, मोजता येईल असं सांगा: "गाडी अजून दोनदा रंकाळ्याला जाऊन येऊ दे, मग डेपो." दोन फेऱ्या खरंच दोनच होऊ द्या. रोज तीच वेळ आणि तीच ओळ ठेवा. एखादं बडबडगीत ठरवून टाकलंत तर आठवड्याभरानं तुम्ही गुणगुणायला लागलात की पोर बुट्टीकडं बघतं.

टप्पा 6: शेवटापासून शिकवा

इथं जवळजवळ सगळेच चुकतात. "पहिल्या पाच तू ठेव, बाकीच्या मी ठेवते," असं सांगतात. मुलाच्या वाट्याला ढिगाऱ्यातली सुरुवात येते आणि काम झाल्याचा आनंद तुम्हाला मिळतो. हे उलटं करा.

पहिले काही दिवस तुम्ही बोलत बोलत सगळं ठेवा आणि शेवटची एकच वस्तू त्याच्यासाठी सोडा. ती त्यानं ठेवली की वाकळ रिकामी. "झालं! वाकळ मोकळी!" तो क्षण त्याचा. ते सहज जमायला लागलं की शेवटच्या तीन सोडा. मग एक अख्खा प्रकार, मग दोन. असं करत करत तुमचा हात मागं घ्या. तुमच्या हातून काम निसटत जातंय हे मुलाला कळूही नये.

हे सहसा तीन-चार आठवडे चालतं, काहींना जास्त लागतात. सलग तीन दिवस अडलं तर एक पायरी खाली या. ताप येऊन गेला, पाहुणे राहून गेले, घरात नवं बाळ आलं की शिकलेलं सगळं विसरल्यासारखं होतं. तेव्हा पुन्हा एका वस्तूपासून सुरू करा. दुसऱ्यांदा फार दिवस लागत नाहीत.

शेवटी वाकळेची घडी त्याच्यासोबत घाला. दोन टोकं त्याची, दोन तुमची. हे काम मुलांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त आवडतं, का ते मला अजून उमगलेलं नाही.

टप्पा 7: "नाही" म्हटलं तर

म्हणेलच. तेव्हा हा क्रम ठेवा.

1. आवाज न चढवता जवळ जाऊन बसा आणि तेच वाक्य एकदा परत सांगा.
2. दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे: "आधी गाड्या का म्हशी?" "आवरतोस का?" असं विचारू नका. त्याचं "नाही" हे उत्तर तुम्हीच दिलेलं असतं.
3. तरीही नाहीच, तर तुम्ही शांतपणे ठेवायला लागा. पुष्कळदा पोर दोन मिनिटांनी येऊन मिळतं. आलं तर "आता आलास होय?" असा टोमणा मारू नका.
4. आलंच नाही तर तेवढा एक प्रकार उद्या सकाळपर्यंत वरच्या फळीवर. "ठोकळे आज वर झोपतील, सकाळी खाली येतील." सकाळी न मागता खाली ठेवा. आठवडाभर जप्ती केली तर पोर ठोकळे विसरतं, किंवा तुमच्याशी भांडण तेवढं लक्षात ठेवतं.

धमकीचं काय होतं ते मी स्वतःच्या घरी केलेलं आहे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका संध्याकाळी मी वैतागून त्याची सगळी खेळणी पोत्यात भरली, सुतळीनं तोंड बांधलं आणि "कचरागाडीत टाकते" म्हणून दारात ठेवलं. तो रडला, आवरतो म्हणाला, मी जिंकले. चार दिवसांनी तांदळाच्या डब्यात हात घातला तर आत दोन गाड्या आणि एक हत्ती. मी शोधू नये म्हणून लपवले होते. बालवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण शिकवणारी मी, घरी तांदूळ निवडत बसले.

चॉकलेटचंही सांगते. आठवडाभर चालतं. मग "दोन देणार?" असं ऐकू येतं. बक्षिसापेक्षा, जे दिसलं ते बोलून दाखवा: "सगळ्या वाट्या एकात एक बसवल्यास की!" नुसतं "शाब्बास, गुणी बाळ" म्हटलं तर नेमकं काय चांगलं झालं ते त्याला कळत नाही.

टप्पा 8: घरातल्या मोठ्यांची तयारी

एकत्र घरात सगळा डाव इथं फिसकटतो. पोर ठोकळा हातात घेऊन विचार करत असतं आणि मागून आज्जीचा आवाज येतो, "राहू दे गं, बारकं हाय अजून. मी आवरतो." आज्जी खाली वाकलेलीही असते. तिला अडवायला जाऊ नका, मानही दुखावतो आणि उपयोगही होत नाही. तिला काम द्या: "आई, तुम्ही बुट्टी धरून बसा, तो आणून देईल." आज्जीनं मांडीवर बुट्टी धरली की नातू धावत धावत आणून देतो. आज्जी मोजते, "ही चौथी गाडी... ही पाचवी..." आणि फुकटात अंकही होतात.

आबांना, बाबांना फक्त एक गोष्ट सांगा: वाक्य तेच, जागा तीच. आई म्हणते लाल बुट्टी आणि बाबा म्हणतात "ठेव कुठंतरी," असं झालं की मूल बाबांचं ऐकतं. आणि बाबांचा पेपर, चार्जर, हेल्मेटही जागेवर जायला हवं. पोर बघत असतं.

घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर कोण काय आवरतं ते एक आठवडा कागदावर मांडून बघा. "ताई आहेस ना तू, कर की," म्हणून पाच वर्षांच्या मुलीला भावाच्या गाड्या उचलायला लावलेलं मी बऱ्याच घरांत बघते. ज्यानं बुट्टी काढली त्यानं ठेवायची, वय कमी असेल तर वस्तू कमी.

अर्धवट राहिलेल्या खेळाचं काय करायचं

हे कुणी आधी विचारत नाही आणि भांडण मात्र यावरूनच होतं. दिवाळीत मातीचा किल्ला बांधताना कुणी मधेच "मोड आणि आवर" म्हटलं तर कसं वाटेल? ठोकळ्यांचा अर्धा पन्हाळा बांधून झालेल्या मुलाला तसंच वाटतं.

घरातला एक जेवायचा पाट यासाठी राखून ठेवा. जे मोडायचं नाही ते पाटावर चढवायचं आणि पाट फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवायचा. पाटावर मावेल तेवढंच, आणि पाट एकच. उद्या दुसरं काही ठेवायचं असेल तर आजचं उतरवावं लागेल, हे आधीच सांगा. पहिल्यांदा किल्ला पाटावर सरकवताना एखादा बुरूज पडणार. दुसऱ्या दिवशी पोर पाटावरच बांधायला बसेल.